डॉक्टरीणबाई

१९१७ च्या सप्टेंबरात रशियाच्या स्मोलेन्स्क प्रांतात, सिचोव्का या तालुक्याच्या गावी, एका तरुण डॉक्टरला कामाचा दाखला मिळाला. निकोल्स्कोये नावाच्या आडगावातल्या दवाखान्यात तो वर्षभर एकटा डॉक्टर होता. दाखल्यात त्या वर्षाचा हिशेब आहे. भरती रुग्ण २११. बाह्यरुग्ण १५,३६१. मग शस्त्रक्रिया: मांडीतून पाय कापणं १, पायाची बोटं काढणं ३, गर्भाशय खरवडणं १८, सुंता ४, चिमटा लावून बाळंतपण २, पोटातलं मूल पायांवर फिरवून काढणं ३, हातानं वार काढणं १, गळ्यात भोक पाडून श्वासनलिका उघडणं १.

हा कागद वाचताना मला आमच्या क्वार्टरमधला महिनाअखेर दिसला. खेड्यातल्या सरकारी दवाखान्याचे डॉक्टर असलेले माझे हे मासिक अहवालाचा तक्ता पसरून बसायचे. नसबंदीचं टारगेट, लसीकरण, हिवतापाचे रक्तनमुने, बाळंतपणं. मी रजिस्टरमधून आकडे वाचायची, हे रकाने भरायचे, आणि बेरीज जुळली नाही की पुन्हा पहिल्यापासून. सरकार रशियाचं असो की महाराष्ट्राचं, खेड्यातल्या डॉक्टरकडून त्याला शेवटी बेरीजच हवी असते.

तो डॉक्टर पुढं डॉक्टर राहिला नाही. त्याचं नाव मिखाईल बुल्गाकोव. विसाव्या शतकातल्या मोठ्या कादंबऱ्यांची यादी कुणीही केली तरी त्याची 'द मास्टर अँड मार्गारिटा' तीत असतेच. मी मात्र त्याच्याकडे त्या दाराने गेले नाही. माझी भाची एमबीबीएस होऊन बॉण्डचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष काढायला गडचिरोली जिल्ह्यातल्या एका पीएचसीवर, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रावर, गेली. दिवाळीला आली तेव्हा तिच्या बॅगेत एक इंग्रजी पुस्तक होतं, 'अ कंट्री डॉक्टर्स नोटबुक'. बुल्गाकोवच्या खेड्यातल्या दिवसांवरच्या गोष्टींचा अनुवाद. "मामी, हा माणूस माझ्याबद्दल लिहितो," म्हणाली. ती फराळाचं घेऊन परत गेली, पुस्तक माझ्याकडे राहिलं.

माझ्याकडे राहिलं म्हणजे नीट राहिलं. मी अमरावतीला बी.ए. मराठी केलं, आणि लग्नानंतर ज्या गावांत राहिले तिथं वाचायला पंचांग आणि औषधकंपन्यांची कॅलेंडरं. घाटंजीच्या पलीकडचा भाग, कोलाम आदिवासींचे पोड म्हणजे वस्त्या, पऱ्हाटीची म्हणजे कापसाची शेतं, पावसाळ्यात नाला चढला की चार-चार दिवस यवतमाळ तुटलेलं. दवाखाना आणि क्वार्टर यांच्यामध्ये एक कडुनिंब. सरकारी जीप होती, आणि बहुतेक वेळा नादुरुस्त होती. गावात ह्यांना 'साहेब' म्हणत आणि मला 'डॉक्टरीणबाई'. मला इंजेक्शन द्यायलाही येत नव्हतं, पण नाव तेच पडलं.

त्या रशियन गोष्टींतलं दवाखान्याचं गाव तालुक्यापासून चाळीस वर्स्त, म्हणजे साधारण त्रेचाळीस किलोमीटर. चिखलातून ते अंतर कापायला तरुण डॉक्टरला एक अख्खा दिवस आणि रात्र लागते. पोचतो तेव्हा पाय इतके आखडलेले की गाडीतून उतरता येत नाही. कोवळा चेहरा, जो तो विद्यार्थी समजतो, म्हणून तो मुद्दाम सावकाश, जड आवाजात बोलायला लागतो. दवाखान्यात आधीच्या डॉक्टरानं जमवलेली चकचकीत हत्यारं आहेत, पुस्तकांचं कपाट आहे, औषधांचा साठा आहे. याला आनंद व्हायला हवा. पण हत्यारं पाहून याला घाम फुटतो, कारण निम्मी कशासाठी वापरतात हेच ठाऊक नाही. रात्री एकटा बसून तो स्वतःशी वाद घालतो: उद्या अडकलेला हर्निया आला तर? आडवं मूल आलं तर? आमचे हे ही पानं वाचताना हसले नाहीत. "हर्नियाचं खरं आहे," एवढंच म्हणाले.

पहिली मोठी केस येते ती अंबाडीसारख्या पिकाचा धागा काढायच्या यंत्रात सापडलेली मुलगी. जवसाच्या जातीचंच ते झाड, पण तिकडे धाग्यासाठी लावतात. मुलगी देखणी आहे, वेणी जमिनीला लागते, पायांचा चेंदामेंदा झालाय. डॉक्टरच्या मनात काय येतं? 'मर, लवकर मर.' म्हणजे मला काही करावं लागणार नाही. कम्पाउंडरही सुचवतो की आता कशाला तिला त्रास द्यायचा. आणि तरी हा करवत मागतो. असं वाक्य कुठलाही डॉक्टर मित्रांच्या मैफलीतसुद्धा बोलणार नाही. ह्यानं ते छापलं. आमच्याकडे हंगामात थ्रेशरमध्ये हात गेलेल्या बाया यायच्या, पदर अडकून ओढल्या गेलेल्या. दवाखान्यासमोर बंडी थांबली, पोत्यावर कुणी निजवलेलं दिसलं की ह्यांच्या चेहऱ्यावर पहिल्या क्षणी जे यायचं ते मला खिडकीतून दिसायचं. दुसऱ्या क्षणी ते गेलेलं असायचं आणि साहेबांचा आवाज जड झालेला असायचा. तो पहिला क्षण कशाचा होता, हे मला बुल्गाकोवनं सांगितलं. ह्यांनी कधी सांगितलं नसतं.

कापून झाल्यावर दवाखान्यातली सुईण त्याला विचारते, तुम्ही बरीच अँप्युटेशन्स केली असतील ना? तो चाचरत सांगतो, दोन केलीत. आणि लगेच आपल्याला कळवतो की हे खोटं होतं.

यातली गंमत मला बरीच उशिरा समजली, म्हणजे पुस्तक संपवून मी त्याच्या आयुष्याबद्दल मिळेल ते वाचायला लागले तेव्हा. निकोल्स्कोयेला जायच्या आधी, १९१६ च्या उन्हाळ्यात, बुल्गाकोव पहिल्या महायुद्धाच्या आघाडीजवळच्या इस्पितळांत काम करत होता आणि तिथं त्यानं पाय कापले होते, एकामागून एक. म्हणजे गोष्टीतला डॉक्टर खोटं बोलतो की मी दोन केलीत, आणि गोष्ट लिहिणारा खोटं बोलतो की मी एकही केलं नव्हतं. स्वतःचा अनुभव त्यानं पुसून टाकला, कारण भीती शिल्लक ठेवायची होती. लेखक म्हणून मी त्याला पूर्ण मार्क देते.

पण त्या इस्पितळांत, तो करवत चालवत असताना, कापला जाणारा पाय धरून कुणीतरी उभं होतं. ती त्याची बायको. तात्याना निकोलायेव्हना लाप्पा, घरात तास्या. १९१३ साली किएव्हमध्ये लग्न झालं तेव्हा तो अजून शिकतच होता. पहिल्यांदा पाय धरला तेव्हा तिला भोवळ आली, मग सवय झाली. निकोल्स्कोयेलाही ती त्याच्याबरोबरच गेली. चिखलाच्या त्या वाटेवर ती होती, त्या क्वार्टरमध्ये ती होती. आणि गोष्टींत?

गोष्टींत डॉक्टर अविवाहित आहे.

मी पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून चाळलं. सुईण आहे, दुसरी सुईण आहे, कम्पाउंडर आहे, रखवालदार आहे, रखवालदाराची स्वयंपाक करणारी बायकोसुद्धा आहे. डॉक्टरची बायको नाही. चहाचा कप पुढं करायला एक हात लागतो तेवढीही ती नाही.

आडव्या मुलाची गोष्ट घ्या. रात्री बाळंतीण येते, मूल आडवं. आत हात घालून, पाय धरून ते फिरवायला हवं. डॉक्टरनं हे फक्त पुस्तकात वाचलंय. सगळ्यांसमोर पुस्तक उघडायचं कसं? तो म्हणतो, सिगारेटी विसरलो, आणि पावसातून धावत क्वार्टर गाठतो, डोडेरलाइनचं प्रसूतिशास्त्र उघडतो, घाईघाईनं पानं उलटतो. आकृत्या आहेत, धोक्याच्या सूचना आहेत, सगळ्याचा मेंदूत काला होतो. परत येतो. हात धूत असताना अनुभवी सुईण सहज बोलल्यासारखी सांगत राहते, आधीचे डॉक्टर हे कसं करायचे. त्या दहा मिनिटांत त्याला जे मिळतं ते परीक्षेसाठी वाचलेल्या सगळ्या पुस्तकांत नव्हतं. फार सुंदर गोष्ट. आमच्या दवाखान्यात ह्यांच्या हाताखाली म्हणून नेमलेल्या, पण ह्यांना खरं बाळंतपण शिकवलेल्या सिस्टर होत्या. ती सुईण वाचताना त्याच डोळ्यांसमोर आल्या. ह्यांचा अभिमान सांभाळून सूचना करायची त्यांची पद्धत अशी: "साहेब आता बहुतेक असं करतील." साहेब तसं करायचे.

आता तास्यानं म्हातारपणी सांगितलेली त्याच रात्रीची हकीकत. दोघं निकोल्स्कोयेला पोचले त्या पहिल्याच रात्री अडलेली बाई आणली. ती नवऱ्याबरोबर दवाखान्यात गेली. बाई वेदनांनी बेशुद्ध पडत होती. तास्या थोडी लांब बसून प्रसूतीच्या पुस्तकात शोधत होती आणि मिखाईल बाईपासून उठून येऊन, बघून, पुन्हा जात होता. 'अमुक पान उघड,' असं तिला सांगत होता. आणि बाईला घेऊन आलेल्या नवऱ्यानं आधीच बजावलं होतं, ही मेली तर तुलाही मारीन.

म्हणजे कुणी पावसातून धावत गेलं नव्हतं. सिगारेटीची सबब नव्हती. पुस्तक तिथंच होतं, दिव्याच्या उजेडात, बायकोच्या मांडीवर.

हे वाचून मला राग आला असं लिहिलं तर वाचकांना ते पटेल, पण ते खरं नाही. मी संपादक असते तर मीच तिला काढलं असतं. पान शोधून देणारी बायको शेजारी बसली की त्या गोष्टीतली रात्र निम्मी होते. एकटा माणूस, बंद पुस्तक, बाहेर पाऊस, आत मरणारी बाई. हे असंच लिहायला हवं. तास्या गोष्टीच्या आड आली असती. मला बोचलं ते दुसरंच. आपण गोष्टीच्या आड येतो, हे आपल्याला किती आधीपासून ठाऊक असतं.

आमच्या दवाखान्यातली लाइट पहिल्या थेंबाला जायची. बाळंतपण असलं की टॉर्च मी धरायची, कारण शिपाई पुरुष आणि दाईचे दोन्ही हात गुंतलेले. पण टॉर्चपेक्षा मोठं काम क्वार्टरच्या मागच्या दाराशी चालायचं. दवाखान्यात साहेबांपुढं बाया डोकं दुखते, कंबर दुखते एवढंच सांगायच्या. गोळ्या घेऊन बाहेर पडायच्या आणि क्वार्टरच्या मागं येऊन उभ्या राह्यच्या. "बाई, पाणी द्या जी घोटभर." पाणी पिऊन झालं की हळूच, "साहेबाले सांगता येत नाई. तुमीच सांगा. अंगावरून जाऊन राह्यलं. दोन सालं झाले." मी ऐकायची. रात्री जेवताना ह्यांना सांगायची. दुसऱ्या आठवडी बाजाराला ती बाई आली की माझ्या हातून गोळ्या घेऊन जायची. केसपेपरवर मात्र कंबरदुखीच राहिली. १९८९ साली डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या बायकांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापला. तपासलेल्या ६५० बायकांपैकी ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी कधी त्यासाठी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. जगभर खळबळ झाली म्हणतात. मला त्या आकड्याचं आश्चर्य वाटलं नाही. माझ्या मागच्या दारी त्याच बाया उभ्या होत्या.

विदर्भात डॉक्टरांची नावं जोडीनं घ्यायची पद्धत आहे, हे मला फार आवडतं. अभय-राणी बंग, हेमलकशाचे प्रकाश-मंदाकिनी आमटे, मेळघाटात बैरागडचे रवींद्र-स्मिता कोल्हे. मॅगसेसे २००८ मध्ये आमट्यांना मिळालं ते दोघांना मिळून, २०१८ ला बंगांना पद्मश्री दोघांना, २०१९ ला कोल्ह्यांनाही दोघांना. पण या तिन्ही घरांत बायको स्वतः डॉक्टर आहे. रकाना भरायला पदवी लागते. सरकारी क्वार्टरात आलेल्या बी.ए. मराठीला रकाना नसतो. ही तक्रार नाही. पुस्तक वाचताना कुठं पेन्सिल थांबली ते सांगते आहे.

बुल्गाकोवच्या त्या गोष्टींमध्ये रोगी लोकही फार खरे आलेत. एक शहाणासुरता गिरणीवाला हिवतापानं येतो, चार शब्द नीट बोलतो, डॉक्टर खूश होतो की चला, एक तरी समजदार माणूस भेटला. त्याला क्विनीनच्या पुड्या देतात, ठरल्या वेळी एकेक घ्यायची. तो रात्री सगळ्या एकदम गिळतो. एकेक पुडी घेत कशाला बसायचं, एकाच दमात काम संपवू. आमच्याकडे हे दर हिवाळ्यात व्हायचं. आणि उलटही: तीन दिवसांच्या गोळ्यांतली एक दिवसाची खाल्ली, बरं वाटलं, उरलेल्या सुनेसाठी ठेवल्या. एका बाळंतिणीला मूल बाहेर यावं म्हणून आतून साखर लावलेली असते, गोडाच्या लालचीनं यावं म्हणून. हसू येतं, आणि मग डॉक्टर हसत नाही हे लक्षात येतं. तो खवळतो, शपथ घेतो की या अडाणीपणाशी लढेन, आणि झोपेत लढाईची स्वप्नं पाहतो. तो लोकांना नावं ठेवतो असं माझ्या भाचीला वाटलं. मला वाटतं तो चोवीस वर्षांचा आहे आणि थकलेला आहे. आमचे हेसुद्धा पहिल्या वर्षी खवळायचे. नंतर त्यांनी पुडीवर शाईनं सूर्य आणि चंद्र काढून द्यायला सुरुवात केली.

कापसाच्या फवारणीच्या दिवसांत तर कुणाला खवळायचीही सोय नसायची. तेव्हा मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक घरोघरी. कुणाच्या अंगावर उलट्या वाऱ्यानं उडालेलं, कुणी भांडण करून घेतलेलं. बुबुळाची टाचणीएवढी बाहुली, तोंडाला फेस, घामानं भिजलेलं अंग. अ‍ॅट्रोपिन द्यायचं, बाहुली मोठी होते का बघायचं, तोंड कोरडं पडतं का बघायचं, पुन्हा द्यायचं. रात्रभर. नातेवाईक कडुनिंबाखाली बसलेले असायचे; त्यांचा चहा, सकाळचे पोहे माझ्याकडे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं शेतकरी-शेतमजूर मेले तेव्हा टीव्हीवाले आले, चौकश्या बसल्या. आम्ही तोवर तिथून निघून बरीच वर्षं झाली होती. बातमी बघताना हे म्हणाले, "अ‍ॅट्रोपिन पुरलं असेल का?"

अशा रात्रींनंतर डॉक्टर स्वतः कशावर जगतो? बुल्गाकोवच्या बाबतीत उत्तर फार वाईट आहे. घटसर्प झालेल्या मुलाचा गळा उघडताना आपल्यालाच संसर्ग झाला असेल या धास्तीनं त्यानं घटसर्पाची लस, म्हणजे अँटिटॉक्सिन, टोचून घेतली. ती अंगावर उठली. चेहरा सुजला, खाज, असह्य वेदना. झोप यावी म्हणून मॉर्फिन घेतलं. मग पुन्हा घेतलं. औषधांच्या कपाटाची किल्ली डॉक्टरकडेच असते, त्याला कोण अडवणार? पुढच्या काही महिन्यांत तो पुरता अडकला. व्याझ्मा गावी बदली झाली तिथंही तेच. तास्याला तो औषधाच्या दुकानांत पाठवायचा, नाही म्हटलं की अंगावर धावायचा. एकदा पेटता स्टोव्ह तिच्यावर फेकला, एकदा पिस्तूल रोखलं. १९१८ च्या सुरुवातीला ती त्याला किएव्हला त्याच्या आईच्या घरी घेऊन आली. तिथं त्याचे सावत्र वडील डॉक्टर होते. त्यांच्या सल्ल्यानं ती सिरिंजमध्ये मॉर्फिन कमी आणि डिस्टिल्ड वॉटर जास्त भरायला लागली, होता होता नुसतं पाणीच. तो सुटला. त्या काळात या व्यसनातून सुटणारे फार थोडे.

यावरही त्यानं गोष्ट लिहिली, 'मॉर्फिन', १९२७ साली छापलेली. तीत व्यसन लागतं ते डॉ. पोल्याकोव नावाच्या दुसऱ्याच डॉक्टरला. त्याची रोजनिशी आपण वाचतो: आज एवढं घेतलं, आज तेवढं, मला काही झालेलं नाही, मी केव्हाही सोडू शकतो. त्याच्यावर जीव टाकणारी एक नर्स आहे, तीच त्याला औषध काढून देते, तिलाच तो हिडीसफिडीस करतो. जिच्यावर त्याचं प्रेम होतं ती बाई त्याला आधीच सोडून गेलेली आहे. शेवटी तो स्वतःला गोळी घालतो आणि रोजनिशी मित्राच्या हाती पडते.

इथं मात्र मला तास्याची जागा दिसली. बाकीच्या गोष्टींतून त्यानं तिला उचलून बाजूला ठेवलं आणि डॉक्टर तरी जगला, शिकला, त्याला कोंबड्याची नक्षी काढलेला टॉवेलसुद्धा भेट मिळाला. या एका गोष्टीतून तिला काढलं आणि डॉक्टर मेला. त्यानं हे जाणून केलं की आपोआप झालं हे मी सांगू शकत नाही, पण सिरिंजमध्ये पाणी भरणारं माणूस नसलं तर हिशेब काय येतो, तेवढं त्यानं खरं लिहिलं.

डॉक्टरकी त्यानं कशी सोडली हे तो एका ओळीत सांगतो. १९१९ मध्ये यादवी युद्धाच्या धामधुमीत, खिळखिळ्या आगगाडीत, रॉकेलच्या बाटलीत खोचलेल्या मेणबत्तीच्या उजेडात पहिली छोटी गोष्ट लिहिली. गाडीनं ओढत नेलं त्या शहरात वर्तमानपत्राला दिली, त्यांनी छापली. १९२० च्या सुरुवातीला पदवी बाजूला ठेवली आणि लिहायला लागलो. पदवी साधी नव्हती, विशेष प्राविण्याची होती. त्याच सुमारास टायफसनं तो मरता मरता वाचला. आजारात सैन्य शहर सोडून गेलं. शुद्धीवर आल्यावर, मला घेऊन का निघाली नाहीस म्हणून तो तास्यालाच बोलला. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, हलवलंत तर वाटेत जाईल.

मग मॉस्को, उपासमार, एका खोलीत संसार. तो 'द व्हाइट गार्ड' कादंबरी रात्री लिहायचा. थंडीनं हात बधिर झाले की म्हणायचा, लवकर, गरम पाणी! ती स्टोव्हवर पाणी तापवून भांडं पुढं करायची, तो त्यात हात बुडवायचा आणि पुन्हा लिहायला बसायचा. १९२४ मध्ये घटस्फोट झाला. पुढच्या वर्षी कादंबरीचा भाग मासिकात आला तेव्हा तो अंक घेऊन तिच्याकडे आला. तिनं उघडून पाहिला. अर्पण दुसऱ्या बायकोला, ल्युबोव्ह बेलोझेर्स्कायाला. तिनं तो अंक भिरकावून दिला. मला हे वाचून बरं वाटलं. एवढं तरी तिनं करायलाच हवं होतं. खेड्यातल्या डॉक्टरच्या त्या गोष्टींतल्या बहुतेक एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या त्या यानंतर, १९२५-२६ मध्ये.

त्याचं पुढचं आयुष्य लोकांना जास्त माहीत आहे, म्हणून मी थोडक्यात सांगते. नाटकं गाजली, मग बंद पडली. १९३० मध्ये त्यानं सरकारला पत्र लिहिलं की लिहू देत नसाल तर देश सोडू द्या. एप्रिलमध्ये खुद्द स्टालिनचा फोन आला, आणि नाट्यगृहात नोकरी मिळाली. छापायची परवानगी मात्र नाही. 'मास्टर अँड मार्गारिटा'चा पहिला मसुदा त्यानं स्वतःच जाळला होता, मग नव्यानं लिहायला घेतला आणि शेवटपर्यंत लिहीत राहिला. मूत्रपिंडाचा आजार होता, वडीलही त्यातच गेले होते. डॉक्टर असल्यामुळे पुढं काय काय होणार हे त्याला पायरीपायरीनं माहीत. नजर गेली. तिसरी बायको येलेना दुरुस्त्या लिहून घ्यायची. १० मार्च १९४० ला तो गेला, वय ४८. कादंबरी येलेनानं सांभाळली आणि ती मासिकातून छापून आली १९६६-६७ मध्ये. मार्गारिटा तिच्यावरून घेतली असं म्हणतात, आणि बाईनं ते कमावलेलं आहे. जाण्यापूर्वी त्यानं बहिणीला सांगितलं होतं, तास्याला बोलाव, मला तिची माफी मागायची आहे. ती तेव्हा मॉस्कोत नव्हती.

तात्याना काळ्या समुद्राकाठच्या तुआप्से गावात राहिली आणि १९८२ मध्ये वारली. तिच्या म्हातारपणी अभ्यासक तिच्यापर्यंत पोचले, तिला बोलतं केलं. मांडीवरचं पुस्तक, सिरिंजमधलं पाणी, स्टोव्हवरचं भांडं, हे सगळं त्यामुळे आपल्याला कळतं. गोष्टींतून वगळलेलीच गोष्टींची साक्षीदार निघाली.

आमच्या ह्यांनी ते पुस्तक महिनाभर वाचलं. निवृत्तीनंतर ते वर्तमानपत्राशिवाय काही वाचत नाहीत, पण हे वाचलं, तेही पेन्सिल घेऊन. आडव्या मुलाच्या गोष्टीवर त्यांचा शेरा असा की क्लोरोफॉर्म दिल्याचं लिहिलंय ते बरोबर आहे, त्याशिवाय गर्भाशय सैल पडत नाही, आत हात फिरणार नाही. पाय कापायच्या गोष्टीत रक्ताच्या बाटलीची सोय नसताना मुलगी वाचली, ती नशिबानं वाचली, डॉक्टरनं फार श्रेय घेऊ नये. मग त्यांनी १५,३६१ ला ३६५ नं भागलं. "रोजचे बेचाळीस. आपली ओपीडी जास्त होती." हे सांगताना चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी पद्मश्रीच्या फोटोंतही पाहिला नाही.

मी त्यांना तास्याची हकीकत सांगितली. मध्ये न बोलता ऐकली. मॉर्फिनपाशी मान हलवली. असे डॉक्टर त्यांनी नोकरीत पाहिले आहेत. १९८२ ऐकल्यावर बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हणजे आपण तिकडे होतो तेव्हा ही बाई होती." मग विचारलं, "पेन्शन होती का तिला?"

"त्यानं वर्षभरात खेडं सोडलं, चार वर्षांत डॉक्टरकी सोडली," मी म्हटलं. "कुठली पेन्शन?"

यावर ते बराच वेळ पेन्सिल फिरवत बसले. मुलीची मांडी कापायला धैर्य लागतं, हे त्यांना मान्य आहे. पण हातातली नोकरी टाकून, घरात खायला नसताना, माणूस कादंबरी लिहायला बसतो आणि बायको पाणी तापवून देते, हे त्यांना अजून पटलेलं नाही. रात्री पुन्हा विचारलं, "रजा तरी टाकली होती का त्यानं?"